चाळीस मेंढरांची खोली

आमच्या घराची मापं मेंढरांत घेतलेली आहेत. फुटात नाहीत, मीटरात नाहीत, वास्तुशास्त्रात तर मुळीच नाहीत. दिवाळी झाली की माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन इस्लामपूरकडच्या उसाच्या रानांत उतरायचे. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माळावर काठीनं रेघा ओढल्या आणि इसाक मिस्त्रीला सांगितलं, "ही खोली चाळीस मेंढरांची. ही पंचवीसची. आन् दार दोन मेंढ्या शेजारी-शेजारी जातील एवढं." इसाक मिस्त्री विट्याचा, मोठमोठे बंगले उभे केलेला माणूस. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "उभी का बसल्याली?" त्यानं विचारलं. मला वाटलं चेष्टा करतोय. आबा मात्र गंभीर झाले. "बसल्याली," म्हणाले, "उभ्या मेंढराला कशाला लागतीया खोली?" मग मिस्त्रीनं आमची एक मेंढी खाली बसवून तिला टेप लावला. ती तीन वेळा उठली आणि एकदा टेपच चावून गेली. चौथ्या वेळी मिस्त्रीनं जो आकडा लिहिला त्याला चाळीसनं गुणलं, आणि तोच आमचा नकाशा. म्हणून आजही आमच्या पुढच्या खोलीत कपाट भिंतीला नीट लागत नाही, पण चाळीस मेंढरं बरोबर बसतात. बसवून पाहिली आहेत. मी खोटं बोलत नाही. निदान या वाक्यात तरी नाही.

आमच्या घराण्यात त्याआधी कुणी छपराखाली झोपलेलं नव्हतं. म्हणजे आजोबा एकदा कऱ्हाडच्या दवाखान्यात दोन रात्री झोपले होते, आणि त्यांच्या मते ते दुखण्यानं नव्हे तर छतानं गेले. वर्षातले आठ महिने चालायचं, चार महिने माळावरच्या पालात राहायचं. संसार सगळा घोडीच्या पाठीवर. आबांना भिंतीचा मनापासून राग. "भिंतीपल्याडचं लांडगं दिसत न्हाई," एवढंच कारण ते सांगायचे. पण त्या साली आईचा गुडघा कलिंगडाएवढा सुजला. जन्मभर घोडीमागं चाललेली बाई एक दिवस पालाच्या दोरीला धरून उठली आणि म्हणाली, "मला आता एका जागी बसू द्या." आणि मी दहावी झाले होते. आमच्यात माझ्याआधी शाळेच्या फाटकापर्यंत फक्त घोडी पोचली होती, तीही कुंपणाचा पाला खायला.

निघताना आबांनी वेशीवर थांबून मला सांगितलं. ती वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण आमच्याकडं लिहून काहीच दिलं जात नाही, त्यामुळं बोललेलं फिरत नाही. "सुले, पावसाच्या तोंडाला मी माघारी यीन. तवर घरावर छत असलं तर तू नि तुजी आई हितंच ऱ्हावा. तू जा आटपाडीला कॉलेजात. नसलं छत, तर पुढच्या दिवाळीला दोघींनी घोडीमागं चालायचं. मग शाळंचं नाव काढायचं न्हाई, आन् तिनं गुडघ्याचं."

अशी मी सोळाव्या वर्षी घराची मालकीण झाले. इसाक मिस्त्री मला तेच म्हणायचा, "काय मालकीणबाई?" आणि मी त्याला इसाकमामा म्हणायचे, भांडण असेल तेव्हासुद्धा. भांडण रोजच असायचं. त्या भागातला पहिला मोबाईल त्याच्याकडं होता आणि मोबाईलचा खरा उपयोग काय, हे मला त्यानंच शिकवलं. मी गावातल्या दुकानातून फोन लावायचे. "आलोच की, वाटंतच हाय," तो म्हणायचा, आणि मागं दुसऱ्याच कुणाच्या घरावर खोरी वाजत असायची. त्याच्या म्हणण्यानुसार त्याची चार कामं चालू होती. माझ्या हिशेबानं अकरा. तो आला की वाळू नसायची. वाळू आली की तो नसायचा. दोघं एकदा एकाच दिवशी आले, तर सळई बांधणाऱ्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, आणि ते लग्न नऊ दिवस चाललं. विटांची गाडी एकदा ओढ्याच्या पलीकडं रिकामी झाली. ड्रायव्हर म्हणाला, घर दिसलं नाही. मी म्हटलं, विटा इकडं टाकल्या असत्या तर दिसलं असतं! त्या सगळ्या विटा मी डोक्यावरून अलीकडं आणल्या. दोन हजार होत्या, किंवा दोनशे. मानेला विचारलं तर ती दोन हजार सांगते.

आईची तऱ्हा निराळी. पुढची खोली जिथं व्हायची होती तिथंच तिची तीन दगडांची चूल होती, आणि ती हलवायला ती तयार नव्हती. "तुमी बांधा की. मी काय आडवी येतीया?" गवंडी तिच्याभोवतीनं पाया खणत गेले, तिच्याभोवतीनं भिंती चढवत गेले, आणि ती मध्ये बसून बाजरीच्या भाकरी थापत राहिली. भाकरीचा थाप-थाप आवाज आणि थापीचा खर्र-खर्र आवाज एकात एक मिसळून गेलेले मला अजून ऐकू येतात. आबांनी मागं ठेवलेल्या दोन दुभत्या मेंढ्यांच्या दुधाच्या चहाला मिस्त्री पहिल्या दिवशी नाक मुरडून होता. "घोंगडं उकळल्यागत लागतंय." महिन्याभरात असं झालं की चहा झाल्याशिवाय तो ओळंबा हातात धरेना, आणि तीन कप झाल्याशिवाय घरी जाईना. माझा पक्का समज आहे की त्याच्या अकरा कामांतून आमचं पुढं सरकलं ते त्या चहामुळं.

स्लॅबची तारीख तीनदा ठरून मोडली आणि चौथ्यांदा, वैशाखाच्या मध्याला, मिक्सर खरोखरच आला. त्याच्या घरघराटानं माळावरचे ससे पार जतपर्यंत पळाले असतील. मुरमाच्या ढिगाऱ्यावरून छतापर्यंत फळ्या जोडून मजुरांनी रुंद उतार केला, आणि घमेली वर जाऊ लागली. दिवस मावळायच्या आत छत झालं. स्लॅबला बकरं कापायची इकडं रीतच आहे, आणि आम्हा मेंढपाळांना तर ते टाळायची सोयच नव्हती. जेवणं झाल्यावर मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता बोलला. "आता एकवीस दिस वर पानी खेळतं ऱ्हायलं पायजे. सुकलं की तडकलं. खालच्या टेकूच्या बल्ल्यांना, त्यांच्या पाचरींना हात लावायचा न्हाई. सगळा भार त्यांच्यावर हाय." मी म्हटलं, "आणि हा उतार?" तो म्हणाला, "फळ्या परवा न्हेतो."

परवा म्हणजे त्याचा परवा. मी रोज दुकानात जाऊन फोन लावायचे. तो वाटेतच असायचा.

वस्तीच्या सामाईक विहिरीवर आमची पाळी दिवसाआड असायची. मी पिंपं भरून ठेवायचे आणि घागरी घेऊन त्याच उतारावरून वर जायचे. मिस्त्रीनं स्लॅबवर गाऱ्याचे बांध घालून वाफे पाडून दिले होते, भाताच्या खाचरासारखे. सकाळी भरले की दुपारी निम्मे व्हायचे. ऊन असं, की मी चढताना ओतलेलं पाणी उतरेपर्यंत ढगात गेलेलं असायचं. आठ दिवस मी त्या पाण्याकडं पोटच्या पोराकडं बघावं तसं बघत होते.

आठव्या दिवशी दुपारी मी वर वाफे भरत होते आणि घंटांचा आवाज आला. पश्चिमेकडून. तीन आठवडे आधी. आधी कुत्री दिसली, मग धूळ, मग आबा. मेंढरं चालत नव्हती, ओढली जात होती. आई म्हणते ती एकशे ऐंशी होती. मी दोनशे म्हणते. आता मी एसटीत कंडक्टर आहे, आमच्या कऱ्हाड गाडीत तिकिटं फाडताना हा किस्सा सांगते तेव्हा पाचशे होतात, आणि प्रवासी मागं सरकून बसतात. पण त्यांच्या जिभांबद्दल मला काही वाढवून सांगायची गरज नाही. जिभा बाहेर होत्या, काळपट, आणि एकही मेंढरू ओरडत नव्हतं. वाटेवरचे दोन्ही तलाव आटले होते. दोन दिवस पाणी नव्हतं त्यांच्या पोटात.

आबांनी मला 'कशी हायस' विचारलं नाही. छताकडं बघितलं. "वर पानी हाय?"

"हाय," मी म्हटलं. "पन ते स्लॅबचं हाय."

"दगडाला तहान लागतीया व्हय?"

"सुकला तर तडकतोय, आबा. विहिरीवर आपली पाळी उद्या सकाळी हाय. पिंपात दोन घागरी हायत, त्या पिल्लांना पाजा."

"दोन घागरी." त्यांनी मेंढरांकडं हात केला. "तू मोज. मग मला सांग, कुनाकुनाला पाजू."

मी वरून बोलत होते, ते खालून. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाच्या डोक्याहून उंच उभी होते. बांध फोडायला एक लाथ पुरे होती. पाणी पागोळ्यांनी खाली आलं असतं आणि मेंढरं प्यायली असती. मला कॉलेज दिसत होतं. आईचा गुडघा दिसत होता. आणि ती मेंढरंही दिसत होती. त्यातली निम्मी मी माझ्या हातानं जन्माला आणलेली. मी म्हटलं, "न्हाई आबा. उद्यापतुर दम धरा."

ते "बरं" म्हणाले आणि खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग वारा फिरला. आमच्या कळपापुढं एक काळी शेळी चालायची. मेंढरांना अक्कल नसते, म्हणून शेळी ठेवतात. तिनं नाक वर केलं. मुरमाच्या ढिगावर चढली, फळ्यांवर पाय ठेवला, आणि इसाकमामानं परवा नेतो म्हटलेल्या उतारावरून सरळ माझ्याकडं चालत आली. तिच्यामागं पहिली मेंढी. मग सगळी. मी उताराच्या तोंडाशी रिकामी घागर आडवी धरून उभी राहिले. त्यांनी मला ढकललंसुद्धा नाही, नदी दगडाच्या दोन्ही बाजूंनी वाहते तशी ती गेली. क्षणात छत मेंढरांनी भरलं. सगळीकडं चप-चप-चप असा एकच आवाज.

जी वर मावली नाहीत ती सावलीला शिरली, स्लॅबच्या खाली. आणि तिथं, माझ्या पायाखाली, ती अंग घासू लागली. मेंढरू उन्हातून आलं की त्याला अंग घासायला काहीतरी उभं लागतं. खाली साठ बल्ल्या उभ्या होत्या.

टक्. एक पाचर निसटून पडल्याचा आवाज मी वरून ऐकला. मग दुसरा. आणि मग आईचा आवाज, चुलीपाशी बसलेली ती खालून म्हणत होती, "हाड! हाड गं! अगं सुले, ह्यो खांब हलतोय!"

त्याच वेळी मिस्त्रीची फटफटी ओढ्यातून वर आली. आठ दिवसांनी तो फळ्या न्यायला आला होता. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि फटफटी तशीच सोडून दिली. ती एकटीच थोडी पुढं जाऊन पडली. आबांनी हाकलायला काठी उचलली होती. "काठी टाका!" मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वरडू नगा. येक जरी बुजलं न् सगळी पळाली, तर समदं खाली येनार. वर पोरगी हाय, खाली वैनी हायत!"

आबांनी काठी टाकली. मग त्यांनी जे केलं ते मी वरून पाहू शकत नव्हते, पुढं मिस्त्रीनं सांगितलं. भिंतीचा राग असलेला तो माणूस वाकून त्या बल्ल्यांच्या रानात शिरला. जिभेनं हळू चक्-चक् करत, एकेका मेंढीच्या गळ्याखाली हात घालून, तिचं तोंड ते बाहेरच्या बाजूला वळवू लागले. आईला उठता येत नव्हतं, गुडघा धरला होता. तिच्या डोक्यावरची बल्ली तिरपी झालेली. आबांनी ती छातीशी धरली, मिठीच मारली, आणि मिस्त्री विटेच्या तुकड्यानं पाचर ठोकू लागला. दर ठोक्याला वरची मेंढरं कान टवकारायची. माझ्या शेजारची एक उठायच्या बेतात आली. ती पळाली असती तर सगळीच पळाली असती.

"सुले," खालून आबांचा आवाज आला, अगदी घरगुती, भाकरी मागावी तसा. "खाली बस."

"पाण्यात?"

"पाण्यात. मांडी घाल. तू बसलीस की ती बसत्यात. आन् काय तरी बोल त्यांच्यासंगं, गप ऱ्हाऊ नगंस."

मी बसले. काय बोलावं सुचेना. शेवटी दहावीच्या भूगोलातली नद्यांची नावं म्हणू लागले, कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी. एक मेंढी बसली. मग तिची शेजारीण. पाणी प्यायलेलं जनावर मुळात सुस्तावतंच. पण मी आजही सांगते की त्यांना भूगोल आवडला. नद्या संपल्या तेव्हा मी घाट घेतले, घाट संपले तेव्हा तालुके. पाटणपर्यंत आले तेव्हा अख्खा कळप बसून रवंथ करत होता आणि खालचे ठोके थांबले होते.

मग आबा उतारावरून वर आले. शेवटच्या फळीवर थांबले. एक पाऊल स्लॅबवर ठेवलं, त्यावर जोर देऊन पाहिला, मग दुसरं ठेवलं. काळ्या शेळीच्या कानात काहीतरी म्हणाले. ती उठली, आणि त्यांच्या मागून, एकेक करून, घाट उतरावा तशी सगळी खाली गेली. मी सर्वांत शेवटी उतरले. बसल्या जागी माझी मांडी सुन्न झाली होती आणि वाफ्यांत पाण्याचा थेंब उरला नव्हता.

मिस्त्री बॅटरी घेऊन छताच्या पोटाखालून फिरत होता. बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता. "तडा न्हाई," म्हणाला. "पन आत्ताच्या आत्ता भिजलं न्हाई तर संध्याकाळपतुर पडंल. गोनपाट हाय का? लय लागतील."

गोणपाट नव्हतं. आबा घोडीकडं गेले. तिच्या पाठीवरच्या घोंगड्या काढल्या. त्यांची, आईची, आज्जाच्या वेळची एक. कातरलेल्या लोकरीचं गाठोडंही सोडलं. पिंपातल्या त्या दोन घागरी आणि शेजारच्या वस्तीवरून मागून आणलेलं एक पिंप, एवढ्यात सगळं भिजवून त्यांनी ते स्लॅबवर अंथरलं. लोकरीइतकं पाणी धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. मिस्त्री शेजारी उभा राहून बघत होता, म्हणाला, "आबा, असला उपाय म्या विट्यात बी बघितला न्हाई." आबा घोंगडीचं टोक सरळ करत होते. त्या फळ्या मात्र मिस्त्रीनं त्याच दिवशी नेल्या. स्वतःच्या डोक्यावरून.

संध्याकाळी चुलीपाशी आबा भाकरी मोडत बसले, अजून बल्ल्यांच्या रानातच, छताखाली. मी समोर बसले होते. पाऊस अजून आला नव्हता, छत वर होतं, पण मी त्यांच्या तहानलेल्या मेंढरांना नाही म्हटलं होतं. त्या "बरं"चा हिशेब अजून व्हायचा होता. त्यांनी हुलग्याच्या माडग्याचा घोट घेतला, वर बघितलं.

"एवढी मेंढरं पेलली की गं त्यानं," ते आईला म्हणाले. "तुमी दोघी काय लय जड न्हाई."

आईनं भाकरी उलटली. माझ्या डोळ्यांत धूर गेला. त्या दिवशी चुलीला धूर फार होता, असं मी सांगते.

मी आटपाडीला कॉलेजात गेले. घरासाठी एवढं भांडून शेवटी जन्म एसटीत उभी राहून काढतेय, ही गोष्ट आबांनी मला पुढं वीस वर्षं ऐकवली. पण त्या वर्षीची दिवाळी आली, आणि तो दिवस मला सांगायलाच हवा. मेंढरं निघाली. चुलत्याची माणसं पुढं, आबा त्यांच्यात, घोडी मागं. आई दारात उभी होती, हात पिठाचे. मी आत चूल फुंकत होते. बाहेर आले तर दारात कुणी नव्हतं. ती घोडीच्या मागं चालली होती, अनवाणी, लंगडत, नेहमीच्या अंतरावर. आबांनी मागं पाहिलं नव्हतं. ते निघाले की कधी बघत नसत. मी धावत जाऊन ओढ्यापाशी तिला गाठलं.

"आये, कुठं निघालीस?"

ती थांबली. घोडी पलीकडं चढून गेली. आईनं खाली आपल्या पायांकडं बघितलं.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्या पायास्नी कुनी सांगितलंच न्हाई."

घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत आम्ही तिथं उभ्या राहिलो. मग तिनं माझ्या खांद्यावर पिठाचा हात टाकला. ओढ्यापासून घरापर्यंत चढ आहे. तिनं त्या चढावर तीन वेळा थांबून मागं बघितलं. तीनच वेळा. यात मी एकही वाढवलेली नाही.